कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत : पहिलटकरणीसाठी आणि तिच्या सोबतीसाठी

पहिलटकरणीला प्रसूतिकक्षात नेल्यावर बाहेर बसलेली माणसे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : "किती उघडलंय?" सिस्टर बोटांनी मापून "दोन बोटं" म्हणून सांगतात, चार तासांनी पुन्हा "दोन-अडीच" म्हणतात, आणि तेवढ्यावरून आत काहीच घडत नाही असा समज होऊन घरच्यांचा धीर सुटू लागतो. मग कोणी कळांच्या इंजेक्शनचा आग्रह धरते, तर कोणी सरळ सिझेरियनचा. प्रत्यक्षात गर्भपिशवीचे तोंड उघडणे हे त्या वेळी चाललेल्या अनेक कामांपैकी केवळ एक काम असते. ते तोंड मऊ होणे, आखूड होणे, पुढे वळणे, बाळाचे डोके खाली उतरणे आणि उतरता उतरता फिरणे ही कामे बोटांच्या हिशेबात दिसत नाहीत, पण ती झाल्याखेरीज पुढचे काही होत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर शरीर काय करत असते आणि त्या वेळी तिने व सोबतीने काय करावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. हे मार्गदर्शन दिवस पूर्ण भरलेल्या, पोटात एकच बाळ असलेल्या आणि बाळाचे डोके खाली असलेल्या बाईसाठी आहे. जुळी बाळे, पायाळू बाळ, खाली असलेली वार (प्लॅसेंटा), आधीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब किंवा मधुमेह यांपैकी काही असल्यास डॉक्टरांनी आखून दिलेला मार्गच धरावा.

शेवटचे आठवडे

डॉक्टरांनी दिलेली तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजून काढलेली असते, आणि नेमकी त्याच तारखेला जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर केव्हाही कळा सुरू होऊ शकतात आणि पहिल्या खेपेला तारीख उलटून काही दिवस जाणेही नेहमीचे आहे. तारीख उलटल्यावर मात्र घरी वाट पाहत बसू नये, कारण त्यानंतर बाळाचे ठोके आणि गर्भजलाचे प्रमाण तपासत राहावे लागते.

पहिलटकरणीचे पोट बहुधा दोन-तीन आठवडे आधीच खाली उतरते, म्हणजे बाळाचे डोके कटीरात (ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीत) शिरते. त्यामुळे बरगड्यांखालचा दाब कमी होऊन श्वास मोकळा होतो, पण मूत्राशयावर भार आल्याने लघवीला वारंवार जावे लागते. याच काळात गर्भपिशवीच्या तोंडाची तयारी सुरू होते. गरोदरपणभर हे तोंड तीन-चार सेंटिमीटर लांबीचे, घट्ट मिटलेले आणि मागे पाठीकडे वळलेले असते. प्रसूतिशास्त्र शिकवताना त्याचा टणकपणा नाकाच्या शेंड्यासारखा असल्याचे सांगतात आणि कळांच्या सुमारास ते ओठासारखे मऊ होते असे सांगतात. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे त्यातील कोलॅजनचे धागे सैल होतात आणि हे तोंड हळूहळू पुढे वळते. त्यात बसलेला चिकट स्रावाचा गोळा सुटून लालसर छटेचा स्राव अंगावरून जाऊ शकतो. त्यानंतर काही तासांत कळा येतात किंवा अनेक दिवसही जातात, त्यामुळे एवढ्याने घाबरण्याचे कारण नसते. परंतु पाळीसारखे लालभडक रक्त जाऊ लागले तर तो निराळा प्रकार आहे आणि त्या वेळी तडक दवाखाना गाठावा.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. त्यात अडचण अशी, की नऊ महिने ज्या डॉक्टरांनी पाहिले ते एका गावात राहतात आणि बाळंतपण दुसऱ्या गावात अनोळखी हातांनी होते. माहेरी जायचे असल्यास ३४-३५ आठवड्यांच्या आतच तेथील दवाखान्यात नाव नोंदवून एकदा तपासून घ्यावे आणि माता-बाल संरक्षण कार्ड, सर्व सोनोग्राफी, रक्तगट व हिमोग्लोबिनचे अहवाल एका फाइलमध्ये सोबत न्यावेत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहावे, कारण बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. गाडीची सोय आधीच ठरवावी. सरकारी दवाखान्यात जायचे असल्यास १०२ क्रमांकाची गाडी, आणीबाणीत १०८ ची रुग्णवाहिका मिळते, आणि २०११ पासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार तेथील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जेवण विनामूल्य आहे. गडचिरोली, नंदुरबार अशा आदिवासी जिल्ह्यांतील दुर्गम पाड्यांवरच्या बायकांसाठी काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरे आहेत. तेथे तारखेच्या काही दिवस आधीच येऊन राहता येते आणि पावसाळ्यात नाले भरले असताना ही सोय जीव वाचवणारी ठरते. आशाताईंना त्याबद्दल वेळेत विचारावे.

कळा खऱ्या की खोट्या

आठव्या-नवव्या महिन्यात पोट अधूनमधून दगडासारखे होते आणि सुटते. या खोट्या कळा. त्यांच्यात नियमितपणा नसतो, त्या बहुधा पोटाच्या पुढच्या भागात जाणवतात आणि पाणी पिऊन, कूस बदलून किंवा थोडे चालून आल्यावर मंदावतात. खरी कळ बहुधा कंबरेतून निघून ओटीपोटाकडे येते, हळूहळू चढते, टोकाला पोहोचते आणि उतरते. विश्रांतीने ती थांबत नाही, उलट दोन कळांमधले अंतर कमी होत जाते आणि प्रत्येक कळ आधीपेक्षा लांब व जोरकस होते. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ तासभर कागदावर लिहून काढला, की बहुतेक वेळा उत्तर मिळते. हे काम सोबतीने करावे, तिच्याकडे सोपवू नये.

सुरुवातीचे लांब तास

प्रत्येक कळेत गर्भपिशवीचा वरचा जाड स्नायू आवळतो, परंतु कळ ओसरल्यावर तो पूर्वीच्या लांबीवर परत जात नाही, किंचित आखूडच राहतो. अशा शेकडो कळांनी वरचा भाग जाड होत जातो आणि खालचा पातळ भाग वर ओढला जातो. पिशवीचे तोंडही त्या ओढीत सामील होते : आधी त्याची लांबी संपून ते कागदासारखे पातळ होते आणि मग ते रुंदावते. पहिलटकरणीत ही दोन कामे बहुतांशी एकामागून एक होतात, तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बरोबरीने होतात. पहिल्या बाळंतपणाला एवढा वेळ लागण्याचे आणि "दोन बोटं" हा आकडा तासन्‌तास हलत नसल्याचे हे मोठे कारण आहे. तोंड तीन सेंटिमीटर लांब असताना दोन बोटे उघडे असणे आणि ते पूर्ण पातळ होऊन दोन बोटे उघडे असणे यांत फार मोठा फरक असतो. म्हणून विचारायचेच असेल तर "किती उघडलं" याबरोबर "किती पातळ झालं आणि डोकं किती खाली आलं" हेही विचारावे.

तोंड सुमारे पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा हा सुप्त टप्पा काही तास चालतो, पहिल्या खेपेला कधी दिवस-रात्रभरही चालतो. कळा दहा-पंधरा मिनिटांनी येतात, अर्धा-पाऊण मिनिट टिकतात आणि मध्ये बोलता-चालता येते. घर दवाखान्याजवळ असेल आणि गरोदरपण निर्धोक असेल, तर हा टप्पा घरी काढणे चांगले असे माझे स्पष्ट मत आहे. ओळखीच्या घरात मन निवांत राहते आणि भीतीने ऑक्सिटोसिन या कळांच्या संप्रेरकाला जी खीळ बसते ती टळते. रात्र असेल तर दोन कळांमध्ये झोपावे, दिवस असेल तर घरातली हलकी कामे करावीत, कोमट पाण्याने अंघोळ करावी आणि मऊ भात, पेज, मुगाची खिचडी, शहाळ्याचे पाणी थोडे थोडे घ्यावे. दर दोन तासांनी लघवीला जावे, कारण भरलेले मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवते. एरंडेल देऊन कळा वाढवण्याचा उपाय करू नये. त्याने जुलाब आणि उलट्या होऊन अंगातले पाणी कमी होते आणि खरे कष्ट पुढे असताना ताकद आधीच संपते.

दवाखान्यात केव्हा निघावे, याचा साधा नियम असा : पहिल्या खेपेला कळा पाच-पाच मिनिटांनी येत असतील, प्रत्येक कळ मिनिटभर टिकत असेल आणि हे तासभर चालू राहिले असेल, तर निघावे. दुसऱ्या खेपेला किंवा रस्ता तासाभराहून लांब असेल तर त्याआधीच निघावे. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली असेल तर कळा असोत वा नसोत, जायलाच हवे. पाण्याचा रंग आणि वेळ लक्षात ठेवावी. पाणी स्वच्छ असेल तर गडबड न करता निघता येते. हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते, आणि योनीतून नाळेचा पदर बाहेर आल्यासारखा वाटला तर ती अत्यंत मोठी आणीबाणी असते : अशा वेळी गुडघे आणि छाती टेकून, कंबर उंच ठेवून, तशाच अवस्थेत १०८ बोलवावी. पाणी गेल्याने "कोरडं बाळंतपण" होते ही समजूत मात्र खरी नाही, कारण गर्भजल जन्मापर्यंत तयार होत राहते. खरा धोका जंतुसंसर्गाचा असतो आणि तो तासांगणिक वाढतो. ताजे रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, डोके असह्य दुखणे, नजरेपुढे अंधारी येणे, किंवा ३७ आठवड्यांपूर्वीच नियमित कळा येणे, यांपैकी काहीही झाले तर मिनिटे मोजत बसू नये.

कळा जोर धरतात तेव्हा

पाच सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा हा सक्रिय टप्पा. दर दहा मिनिटांत तीन-चार कळा येतात, प्रत्येक पाऊण ते एक मिनिट टिकते आणि कळ चालू असताना बोलणे शक्य होत नाही. हा टप्पा किती वेळ चालावा याविषयीचे मत बदललेले आहे. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी पाचशे पहिलटकरणींच्या नोंदींवरून प्रगतीचा आलेख मांडला, पुढे दर तासाला एक सेंटिमीटर हा दंडक जगभर रुळला आणि त्यात न बसणाऱ्या बायकांना "अडलेली" ठरवले जाऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की आई आणि बाळ ठीक असतील तर तासाला एक सेंटिमीटरपेक्षा कमी गती एवढ्या एकाच कारणावरून हस्तक्षेप करू नये. सक्रिय टप्पा पहिल्या खेपेला १२ तासांपर्यंत आणि पुढच्या खेपांना १० तासांपर्यंत चालू शकतो. घरच्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवले, तरी बाहेरचा निम्मा कल्लोळ कमी होईल.

दोन कळांमधल्या शांततेचे महत्त्व फार कमी जणांना माहीत असते. कळ टोकाला असताना गर्भपिशवीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, वारेकडे जाणारे रक्त काही काळ कमी होते आणि बाळ आपल्या साठ्यावर निभावते. कळ ओसरली की रक्त पुन्हा वाहू लागते आणि बाळ सावरते. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या तर ही सावरण्याची उसंत उरत नाही. म्हणूनच कळा वाढवणारे ऑक्सिटोसिन दवाखान्यात सलाइनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत देतात. घरी किंवा छोट्या दवाखान्यात देखरेखीशिवाय दंडात दिलेले तेच औषध पिशवी फाडू शकते आणि बाळ गुदमरवू शकते. "इंजेक्शन द्या आणि मोकळं करा" असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकाला त्याचा अर्थ कळत नसतो.

बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत आणि या टप्प्यात ते दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकले जातात. आतून तपासणी साधारण चार तासांनी एकदा पुरेशी असते, कारण वारंवार तपासण्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तिने उताणे पडून राहू नये. उताणे झोपल्याने पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि बाळाकडचे रक्त घटते. चालावे, भिंतीला टेकून उभे राहावे, खुर्चीवर उलटे बसून पाठीवर डोके टेकावे, थकल्यावर डाव्या कुशीवर निजावे. सगळे दुखणे कंबरेतच असेल तर बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असण्याची शक्यता असते. अशा वेळी हातापायांवर ओणवे होऊन राहिल्याने आराम पडतो आणि सोबतीने माकडहाडाच्या वरच्या भागावर तळव्याने घट्ट दाब दिल्यास कळ सुसह्य होते. एपिड्युरलची, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन कळांचे दुखणे कमी करण्याची, सोय असेल आणि ते घ्यावेसे वाटत असेल, तर त्यात कमीपणा मानू नये. सोबत ही चैन नाही : भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिकक्षांत एका सोबतिणीला परवानगी दिली आहे, तेव्हा आई, बहीण, नणंद किंवा जिच्याजवळ ती निर्धास्त असेल अशी बाई आत राहू द्यावी, अशी विनंती दाखल होतानाच करावी.

आठ ते दहा सेंटिमीटरच्या दरम्यानचा काळ थोडा, पण सर्वांत कठीण असतो. अंग थरथरते, मळमळते, घाम फुटतो आणि आतापर्यंत धीराने वागलेली बाई "मला नाही जमणार, मला घरी न्या" असे म्हणू लागते. हे जन्म जवळ आल्याचे लक्षण आहे, हे सोबतीने तिला त्याच शब्दांत सांगावे. जोर करावासा वाटला तरी सिस्टरांनी पिशवीचे तोंड पूर्ण उघडल्याचे सांगेपर्यंत तो आवरावा आणि तोंडाने छोटे छोटे श्वास सोडावेत, कारण पिशवीच्या अर्धवट उघडलेल्या तोंडावर जोर आला तर ते सुजते आणि वाट आणखी अरुंद होते.

बाळ बाहेर येते ते कसे

आईचे कटीर वरच्या बाजूला आडवे रुंद आणि खाली उभे रुंद असते, त्यामुळे बाळाला सरळ रेषेत उतरता येत नाही. ते बहुधा कुशीकडे तोंड करून आत शिरते, हनुवटी छातीला टेकवते म्हणजे डोक्याचा सर्वांत लहान, साडेनऊ सेंटिमीटरचा व्यास पुढे येतो, आणि मग ओटीच्या तळाच्या स्नायूंवर टेकताच फिरून आईच्या पाठीकडे तोंड करते. कवटीची हाडे अजून जुळलेली नसल्याने ती एकमेकांवर किंचित सरकतात. त्यामुळे जन्मलेल्या बाळाचे डोके लांबट दिसते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप गोल होते. ते दाबून गोल करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

पूर्ण उघडल्यावर बाळ येईपर्यंत पहिल्या खेपेला तीन तासांपर्यंत आणि पुढच्या खेपांना दोन तासांपर्यंत लागू शकतात. डोके खाली टेकले की शौचाला आल्यासारखी अनावर भावना होते. जोर तेव्हाच आणि त्याच दिशेने करावा, चेहऱ्यात आणि घशात करू नये. दोन कळांमध्ये अंग पूर्ण सैल सोडावे. श्वास कोंडून खूप वेळ जोर करण्यापेक्षा एका कळेत तीन-चार छोटे जोर बरे. वरून पोट दाबून बाळ ढकलण्याची पद्धत काही ठिकाणी अजून चालते. जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करत नाही आणि ती नको असल्याचे सांगण्याचा हक्क बाळंत होणाऱ्या बाईला व सोबतीला आहे. डोके दिसू लागले की जळजळ होते. त्या क्षणी जोर थांबवून फक्त श्वास सोडत राहावा, म्हणजे त्वचा ताणायला वेळ मिळतो आणि मोठ्या फाटी टळतात. वाट मोठी करण्यासाठी छेद घेणे प्रत्येकीला आवश्यक नसते. डोके आल्यावर बाळ पुन्हा कुशीकडे वळते, पुढचा खांदा निसटतो, मागचा निसटतो, आणि उरलेले अंग सरसर बाहेर येते.

वार, आणि त्यानंतरचे दोन तास

घरच्यांच्या दृष्टीने येथे बाळंतपण संपलेले असते, पण आईच्या जिवाला सर्वाधिक धोका येथूनच सुरू होतो. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की त्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि त्यांना बंद करणारी एकच यंत्रणा असते : आडवेतिडवे विणलेले स्नायूंचे धागे आवळून त्या वाहिन्यांना पिळून टाकतात. पिशवी सैल राहिली तर काही मिनिटांत बाई पांढरीफटक पडू शकते. म्हणून जन्मानंतर लगेच आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन देतात, आणि या वेळचे हे इंजेक्शन कधीही नाकारू नये. वार बहुधा अर्ध्या तासात पडते. ती पूर्ण आली की नाही हे तपासले जाते, कारण आत राहिलेला छोटा तुकडाही पिशवीला आवळू देत नाही.

नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबल्यास वारेतले रक्त बाळाला मिळते आणि पुढील महिन्यांत त्याला लोह पुरते. आपल्याकडे रक्तक्षय सर्रास आढळत असल्याने याचे मोल जास्तच आहे. बाळ रडले, श्वास घेऊ लागले, की पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून दोघांवर कोरडे पांघरूण घालावे आणि पहिल्या तासात अंगाला लावावे. बाळाच्या चोखण्याने आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते, पिशवी आवळते आणि रक्तस्राव कमी होतो. मध, गुळाचे पाणी, घुटी यांपैकी काहीही देऊ नये. पिवळसर चीक थोडाच येतो, पण बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो.

पहिले दोन तास सोबतीने बाळाभोवती गोळा न होता आईकडे पाहावे. सिस्टर दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि बेंबीच्या आसपास हाताला लागणारा पिशवीचा घट्ट गोळा तपासतात. पॅड झपाट्याने भिजत असेल, तिला थंडी वाजून घाम फुटत असेल, चक्कर येत असेल किंवा ती गप्प गप्प होत असेल, तर लगेच हाक मारावी. सहा तासांच्या आत लघवी व्हायला हवी. पहिल्यांदा उठताना दोघींनी धरावे.

साध्या प्रसूतीनंतरही दवाखान्यात ४८ तास राहावे, कारण गुंतागुंती बहुधा याच काळात डोके वर काढतात. घरी गेल्यावर तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, मोठ्या गुठळ्या जाणे, ताप, दुर्गंधी, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, तीव्र डोकेदुखी किंवा झटके, श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसले तर "बाळंतिणीला असं होतंच" असे म्हणून शेक-शेगडीवर भागवू नये. ज्या फाइलमध्ये अहवाल आहेत ती सोबत घेऊन त्याच तासाला दवाखान्यात जावे. बाळाला २४ तासांत लघवी व शी न होणे, ते अंगावर ओढत नसणे किंवा तळपायापर्यंत पिवळे दिसणे, हेही डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.